पट्टी सुटली, सूर सुटेना

खालच्या संवादातले मामा आणि भाची मी रचलेले आहेत. त्यांच्यातला वाद मात्र रचलेला नाही. भाचीचं घर उरवड्यात, पिरंगुटहून मुठा खोऱ्याकडे निघालं की लागतं त्या मुळशीतल्या गावात. दोन जुने कीबोर्ड एकावर एक बसवून, लॅपटॉपला जोडून तिने घरात ऑर्गन उभा केला आहे. मामा सदाशिव पेठेतला. हौशी नाटकवाल्यांना आणि नाट्यगीतांच्या मैफलींना पायाच्या ऑर्गनवर साथ करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. ऑर्गन उघडून सूर साफ करणं, भात्याला ठिगळ लावणं हेही तोच करतो. भाचीचा ऑर्गन वाजत नव्हता म्हणून मामाला बोलावलं, की मामा येणार म्हणूनच तो नेमका वाजेनासा झाला, यावर दोघांचं एकमत नाही.

मामा: आधी मला सांग, यात वाजतं काय? सूर कुठे बसवलेत?

भाची: सूर नाहीतच, मामा. पट्टी दाबली की कीबोर्ड फक्त निरोप धाडतो. अमुक चॅनल, अमुक पट्टी, अमुक जोर. एवढंच. आवाज लॅपटॉपमध्ये आहे. कुठल्यातरी खऱ्या ऑर्गनचा एकेक सूर ध्वनिमुद्रित करून ठेवलेला असतो, निरोप पोचला की तो वाजतो. माझं सॉफ्टवेअर ग्रँडऑर्ग, ते फुकट मिळतं. पैसे मोजायची तयारी असेल तर हाऊप्टवर्क आहे.

मामा: म्हणजे पट्टीचा आणि आवाजाचा संबंध चिठ्ठीचपाटीचा.

भाची: चिठ्ठीच म्हण. तिची भाषा 1983 साली ठरली, तिला मिडी म्हणतात. एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या जपानी आणि अमेरिकी कंपन्यांनी तेवढ्यापुरती एकी केली, म्हणून तेव्हाचा कीबोर्ड आजच्या लॅपटॉपशी बोलू शकतो.

मामा: मग हा वरचा का बोलत नाही? दिवा तर लागलाय.

भाची: दिव्यावर जाऊ नकोस. ती मोबाइल चार्ज करायची केबल आहे. तसल्या काही केबलमध्ये विजेच्या तारा असतात, निरोपाच्या नसतात. कीबोर्ड जागा होतो, पण त्याचं बोलणं लॅपटॉपपर्यंत पोचत नाही. केबल बदलते. आणि खालच्या कीबोर्डला यूएसबी नाही, पाच टाचण्यांची गोल जोडणी आहे. तिथे वेगळीच गंमत. केबलच्या ज्या टोकावर ‘इन’ लिहिलंय ते कीबोर्डच्या ‘आउट’मध्ये जातं. कीबोर्डमधून बाहेर पडलेलं केबलच्या आत शिरतं. लोक इनला इन जोडतात आणि कीबोर्ड बिघडला म्हणून दुकानात नेतात.

मामा: आमच्याकडे आवाज आला नाही तर पहिल्यांदा भात्याला हात लावायचा. हवा भरतेय का, धरून राहतेय का. पट्ट्या आणि सूर नंतर. तू कुठून सुरू करतेस?

भाची: पट्टीपासून. निरोप दाखवणारं एक छोटं सॉफ्टवेअर असतं, ते उघडते. हे बघ, मधला सा दाबला की 144, 60, 88. पहिला आकडा सांगतो की पहिल्या चॅनलवर पट्टी दाबली गेली, 60 हा पट्टीचा नंबर, 88 जोर. हे आकडे दिसले तर कीबोर्ड आणि केबल सुटले, पुढचा दोष लॅपटॉपात. नाही दिसले तर लॅपटॉपात डोकं घालण्यात अर्थ नाही.

मामा: आणि मी उलटा निघतो. आवाजाकडून पट्टीकडे. कुठला सूर, कसा चुकतोय, दमट हवेत जास्त का कोरड्या, दोन सूर एकदम धरले तर काय होतं. कानाला कळल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हरला हात लावत नाही.

(मला विचाराल तर आवाजच येत नसेल तेव्हा भाचीची वाट बरी, आणि नको तो आवाज येत असेल तेव्हा मामाची. पण दोघं हे मान्य करणार नाहीत, आणि मान्य केलं तर लेख इथेच संपेल.)

भाची: आता दोन्ही कीबोर्ड बोलतायत. वरचा वाजव.

मामा: वरचा वाजवला की खालच्याचेही सूर उमटतायत. बासरीसारखा एक आणि त्याच्या पोटात दुसरा भसाडा. हे मुद्दाम आहे का?

भाची: नाही. दोन्ही कीबोर्ड पहिल्याच चॅनलवर निरोप धाडतायत आणि मी सॉफ्टवेअरला दोघांचंही ऐकायला सांगून ठेवलंय. एकाला दुसऱ्या चॅनलवर टाकलं की झालं. वरचा 1, खालचा 2.

मामा: आणि हा खर्ज? डावीकडच्या शेवटच्या बारा पट्ट्या मुक्याच आहेत.

भाची: एकसष्ट पट्ट्यांच्या कीबोर्डचे आकडे 36 ते 96 असतात. पुसताना बहुधा ऑक्टेव्हचं बटण दाबलं गेलंय, त्यामुळे ते 48 ते 108 झालेत. डावीकडची पट्टी दाबतोस तेव्हा तिच्या वरच्या सप्तकातला सूर वाजतो. म्हणजे मुक्या बारा पट्ट्या खरं तर उजवीकडच्या असायला हव्यात. डावीकडच्या का?

मामा: कारण मुक्या नाहीत त्या. खर्ज ऐकायची सवय आहे, तो आला नाही म्हणून मुक्या म्हणालो. वाजतायत, पण एक सप्तक वर. उजवीकडच्या बघ.

भाची: हो, उजवीकडच्या मुक्या.

मामा: जोराचा आकडा तेवढा मला पटला नाही. ऑर्गनला बोटाचा जोर कुठे असतो? हळू दाबा, आपटून दाबा, सूर तेवढाच. आवाज वाढतो तो पायाने, नाहीतर गुडघ्याने रेटायच्या त्या पट्टीने.

भाची: म्हणून तर सॉफ्टवेअर तो आकडा सोडून देतं. फक्त एक बघायचं, हलक्या हाताने दाबलेली पट्टी गाळली जात नाहीये ना. काही ठिकाणी किमान जोराची अट घातलेली असते. तुझ्यासारखा हलक्या बोटांचा माणूस बसला की मधलेच सूर गायब होतात आणि आपण पट्टीखालच्या रबराला दोष देत बसतो.

इथवर सगळं किरकोळ होतं. चहा झाला, मामाने जुनी नाट्यपदं वाजवायला घेतली, आणि मग मधला पंचम एकदम अडकला. हात उचलला तरी वाजत राहिला.

मामा: आता हे माझ्या ओळखीचं दुखणं. पावसात लाकूड फुगतं, पट्टी शेजारणीला घासते आणि वर येत नाही. किंवा पट्टी वर येते पण खालच्या झडपेत कचरा अडकतो, हवा चालूच राहते. तुमच्या मुळशीच्या पावसात तर माझा ऑर्गन चार दिवसांत बसेल.

भाची: इथे झडप नाही, पण दुखणं तेच आहे. पियानो वाजवत असते तर कळलंही नसतं. पियानोचा सूर दाबल्यावर आपोआप विरत जातो. सोडल्याचा निरोप हरवला तरी थोड्या वेळाने शांतता होते. ऑर्गनचा सूर स्वतःहून कधीच संपत नाही. कोणीतरी त्याला थांब म्हणावं लागतं. त्यामुळे पट्टी दाबल्याच्या निरोपाइतकाच सोडल्याचा निरोप महत्त्वाचा, आणि बिघाड बहुतेक तिथेच होतो. आधी सगळं बंद करते, त्यासाठी एक बटण आहे. मग नोंदी बघू.

मामा: काय दिसतंय?

भाची: 67 नंबरची पट्टी दाबली, तो निरोप आहे. सोडल्याचा नाही. काही कीबोर्ड सोडल्याचा वेगळा निरोप धाडत नाहीत, ‘शून्य जोराने दाबली’ असं कळवतात. काही सॉफ्टवेअर त्यावर गोंधळतं. पण इथे तेही नाही. निरोप निघालाच नाही.

मामा: परत वाजव. वाजवत राहा. मी ऐकतो.

बराच वेळ काही झालं नाही. मग पुन्हा अडकला, या वेळी धैवत.

मामा: पंखा मंदावला होता.

भाची: काय?

मामा: अडकला तेव्हा वरचा पंखा क्षणभर मंदावला आणि मग पुन्हा भरला. मघाशीही तसंच झालं असावं. फिरत्या पंख्याचा आवाज माझ्या कानात सारखा असतो, तोही एक सूरच आहे. तो उतरला.

भाची: थांब. लाइट गेली आणि इन्व्हर्टरवर आली. लॅपटॉपला बॅटरी आहे, त्याला काही कळलंच नाही. वरचा कीबोर्ड लॅपटॉपमधूनच वीज घेतो, तोही जागा. खालचा अडॅप्टरवर आहे. इन्व्हर्टर बदलायला जो क्षण घेतो त्यात तो विझून पुन्हा लागतो. त्या क्षणी जी पट्टी दाबलेली असेल तिचा ‘दाबली’ निरोप आधीच पोचलेला, आणि ‘सोडली’ म्हणायला कीबोर्ड शुद्धीवरच नाही. लॅपटॉप आपला इमानाने सूर धरून बसतो.

मामा: याला काही उपाय मिडी करणाऱ्यांनी केला नाही?

भाची: केला होता. काही जुने कीबोर्ड ‘मी आहे’ असा निरोप सारखा धाडत राहतात. सेकंदाच्या तीनदशांशाहून जास्त काळ तो आला नाही तर घेणाऱ्याने सगळे सूर बंद करावेत, असं ठरलं होतं. पण ते धाडणं ऐच्छिक आहे आणि ऐकणंही सगळे ऐकत नाहीत. माझा उपाय साधा. खालच्या कीबोर्डचा अडॅप्टर संगणकाच्या यूपीएसवर लावते. तो बदलताना कीबोर्डला कळत नाही.

मामा: आणि ती घुरघुर? सूर नसताना स्पीकरमधून येते ती.

भाची: लॅपटॉपचा चार्जर काढ बरं. गेली ना? म्हणजे ती मिडीची नाही, अर्थिंगची. वायरमनला बोलवायला हवं. तोवर बॅटरीवर वाजवू. तीन टाचण्यांच्या प्लगची वरची टाचणी मोडून घुरघुर घालवणारे लोक असतात, ते मी करणार नाही.

(वीज जाण्याचा हा प्रकार मुळशीत कोणाला नवा नाही. मला त्यात मौज वाटते ती एवढीच, की भाचीच्या नोंदवहीत निरोप हरवल्याचं दिसलं, पण तो का हरवला हे तिथे लिहिलेलं असणं शक्यच नव्हतं. जे घडलं नाही त्याची नोंद होत नाही. पंखा मात्र घडला होता.)

मामा: तुला वाटत असेल म्हातारा उगाच कानाचं कौतुक करतो. पण नाटकात ऑर्गन आला तोच मुळी न संपणाऱ्या सुरासाठी. किर्लोस्करांचं शाकुंतल 1880 चं. मागे सारंगी असायची, मग पेटी आली. पेटीला एक हात भात्यावर अडकतो. ऑर्गनने पाय कामाला लावले आणि दोन्ही हात मोकळे केले. गंधर्व नाटक मंडळी 1913 साली निघाली. पुढे बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे असायचे. गाणाऱ्याने श्वास घेतला तरी मागचा सूर भरलेला राहतो. तो भरणा हवा म्हणून ऑर्गन. आणि बरं का, आपली पेटी हवा सुरांतून बाहेर ढकलते. अमेरिकन पद्धतीचा ऑर्गन हवा आत ओढून घेतो. त्याच्या आवाजातला गोलवा त्या ओढण्यात आहे असं मला नेहमी वाटतं.

भाची: तुझं ते ओढणं मी ऐकवू शकते. रीड ऑर्गनचेही नमुने मिळतात. पण आत्ता मी युरोपातल्या चर्चमधला पाइप ऑर्गन भरलाय.

मामा: ते कळलं. ताना एकमेकीत कालवल्यासारख्या येतायत. हात उचलून चहाचा घोट घेतला तरी आधीची जागा हवेत आहेच.

भाची: ते नमुने ओले आहेत, म्हणजे चर्चच्या घुमटासकट घेतलेले. पट्टी सोडली की तिथली घुमणारी शेपटीही वाजते, पाच-सहा सेकंद. चर्चच्या संथ स्तोत्रगीताला शोभतं, तुझ्या द्रुत पदाला नाही. शेपटी आखूड करता येते, किंवा कोरडे, जवळून घेतलेले नमुने घ्यायचे.

मामा: बघ, पुन्हा सोडण्यापाशीच आलो. आणि आणखी एक. मी पट्टी दाबतो आणि सूर मागाहून येतो. तबलजी असता तर उठून गेला असता.

भाची: मघाशी तू स्पीकर लांब ठेवायला सांगितलास म्हणून ब्लूटूथचा लावला. त्यात दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. तार लावते. शिवाय सॉफ्टवेअर आवाजाचे तुकडे साठवून मग देतं. तुकडा 1024 बिंदूंचा असेल तर सेकंदाला 48,000 बिंदूंच्या हिशेबाने 21 मिलिसेकंद लागतात. 256 चा केला तर पाचाच्या आसपास. फार लहान केला तर लॅपटॉपला दम लागतो आणि आवाज तडतडतो. 21 मिलिसेकंदांत आवाज हवेत सात मीटर जातो, एवढं तर तुझ्या रंगमंदिरातही होत असेल.

मामा: रंगमंदिरात मी ऑर्गनला टेकून बसलेलो असतो. प्रेक्षक सात मीटरवर असतो. कमी कर.

ते झाल्यावर खरं भांडण सुरू झालं, गंधारावरून. आकाशवाणीने 1940 साली हार्मोनियमला बंदी घातली आणि ती कित्येक वर्षं टिकली, त्यामागे हेच एक मोठं गाऱ्हाणं होतं. पेटीचे बाराही सूर सारख्या अंतरावर कापलेले असतात, म्हणून शुद्ध गंधार चढा लागतो. सांगलीचे कृ. ब. देवल आणि त्यांच्यासोबत ई. क्लेमेंट्स हे इंग्रज अधिकारी त्याआधी कितीतरी वर्षं श्रुतींच्या हार्मोनियमसाठी झटत होते. मामाचा ऑर्गनही सारख्या अंतरांचाच आहे.

भाची: सप्तकाचे 1200 सेंट धर. सारख्या अंतराने गंधार 400 वर येतो. तंबोऱ्यातून ऐकू येतो तो 386 वर. तू इतकी वर्षं कसं निभावलंस?

मामा: गंधारावर थांबतच नाही. गाणारी थांबली की मी षड्ज-पंचम धरतो आणि गंधार तिच्यावर सोपवतो. हे शिकवलं जात नाही, सवयीने येतं. एखादा सूर फारच टोचला तर काढून खरवडतो. टोकाकडे खरवडला की चढतो, मुळाशी खरवडला की उतरतो. पण आज उतरवला तर उद्या दुसऱ्या पट्टीतल्या गाणारीची पंचाईत.

भाची: इथे खरवडावं लागत नाही. यादीतून दुसरं स्वरजुळणीचं माप निवडलं की झालं. हे मीनटोन, चर्चमधल्या जुन्या ऑर्गनांचं. गंधार बरोबर 386. ऐक.

मामा: वा. गंधार सुरेख. पण पंचम उतरलाय.

भाची: उतरला नसावा.

मामा: तंबोरा लाव आणि ऐक. लाटा येतायत.

भाची: … हो. 702 हवा, मीनटोनमध्ये साडेपाच कमी, म्हणजे सुमारे 696.5. गंधारासाठी त्यांनी पंचमातून चोरलंय.

मामा: युरोपाला गंधार प्यारा असेल. आम्हाला पंचम सोडून चालत नाही, तो सतत मागे वाजतो.

भाची: मग यादीतलं काहीच नको. प्रत्येक सुराला किती सेंट हलवायचं ते आकडे मीच भरते. सा, 204, 386, 498, 702, 884, 1088. आता?

मामा: आता बोलायला जागा नाही. थांब, आहे. हे सा कुठे धरून? पांढरी एक. माझा गाणारा पांढरी दोनचा आहे.

भाची: कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण आहे. दोन घरं वर. वाजव.

मामा: हा पंचम नाही. हा पंचमाचा आजारी भाऊ आहे.

इथे भाची गप्प झाली आणि कागद-पेन्सिल घेऊन बसली. बटणाने काय होतं, तर निरोपातल्या आकड्यात दोन मिळवले जातात. 60 दाबलं तरी 62 जातं. पण सुरांची मापं पांढरी एकला खुंटी मारून ठोकलेली, ती हलत नाहीत. म्हणून नवा सा मूळचा रिषभ झाला आणि नवा पंचम मूळचा धैवत. 884 मधून 204 गेले की 680 उरतात, 702 नाहीत. बावीस सेंटचा फरक अनोळखी कानालाही खुपेल. सारख्या अंतरांच्या पेटीत हे कधीच होत नाही. तिथे सगळे सूर थोडेथोडे बेसूर असतात, आणि तेही प्रत्येक पट्टीत सारखेच.

भाची: बटण बंद. आकडा तोच ठेवून अख्खा ऑर्गनच 200 सेंट वर सरकवते. तू पांढरी एकचीच बोटं ठेव.

मामा: आता बरोबर. पण म्हणजे मी पांढरी दोनची बोटं विसरायची? पन्नास वर्षांची सवय?

भाची: तर मग मापं रिषभाला ठोकते आणि तू तुझ्या बोटांनी वाजव. दोन्ही होतं.

मामा: ते कर. आणि तो पायाजवळचा काळा तुकडा काय आहे?

भाची: आवाज कमी-जास्त करायचा पेडल. तुझ्या गुडघ्याच्या पट्टीचं काम. 0 ते 127 आकडे धाडतो. पण हा पूर्ण दाबला तरी 96 च्या पुढे जात नाही. आतली पट्टी झिजलीय, किंवा दुसऱ्या कंपनीचा पेडल असल्याने जोडणी उलटसुलट आहे. सॉफ्टवेअरला सांगता येईल की 96 लाच पूर्ण समज.

मामा: नको. साथीला एवढा पुरतो. पूर्ण आवाज दिलास तर आमच्यातला एखादा तो वापरेल.

भाची: सोलो वाजवायचं असेल तर?

मामा: तर तुझ्यासाठी वेगळं साठवून ठेव. माझ्या नावाने 96 च राहू दे.